क्रुसापाशी परत केलेला सूर

आईची वाचा गेली त्या दिवसापासून मी देवाशी धड बोलत नव्हते. चर्चला जायचे, नाही असं नाही. वसईकडच्या नंदाखालसारख्या गावात रविवारी मिस्सा चुकवली तर दुपारपर्यंत चार जणी तब्येत विचारायला दारात उभ्या राहतात. म्हणून जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवायचे. आवाज माझाही गेलाच होता. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं त्यात एक शीर दुखावली आणि उरला तो हा घोगरा, फाटका आवाज. भाजीवालीशी बोलायला पुरतो, त्याहून जास्त त्याच्याकडून मागू नये.

एके काळी या आवाजाचं काय कौतुक होतं, बाई गं! टीव्हीवर दिवसभर गाणी लागणारी चॅनेलं नवीनच आली होती तेव्हाची गोष्ट. माझं एक हिंदी गाणं त्यावर तासातासाला लागायचं. चंदेरी बूट, कापलेले केस, आणि नावही माझं नव्हतं, कंपनीने ठेवलेलं होतं. लग्नाच्या वरातीत, शाळांच्या गॅदरिंगमध्ये, रिक्षांत, सगळीकडे तेच गाणं. दोन अल्बम झाले. तिसरा कुणी ऐकला नाही. मग लोकांच्या लग्नांत गायले, मग हॉटेलांत, मग दुकानांच्या उद्घाटनांना नुसतीच उभी राहिले. ज्याच्याशी लग्न केलं तो माझे कार्यक्रम ठरवायचा. कार्यक्रम संपले तसा तोही गेला. ऑपरेशननंतर अंधेरीची खोली सोडली आणि मुकाट्याने दादाच्या घरी आले. मागची खोली मिळाली, खिडकीतून केळीची बाग दिसते. दादाने एका शब्दाने विचारलं नाही आणि वहिनीने पहिल्या दिवसापासून माझं ताट वाढलं. आई मात्र बोलायची ती जेवणाखाणाचं, कोंबड्यांचं, पडलेल्या नारळाचं. गाण्याचा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. तो का निघत नाही हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

ते आता सांगायलाच हवं. आमच्या आळीच्या वळणावर एक जुना क्रूस आहे. मे महिन्यात रोज संध्याकाळी तिथे आळीतली माणसं जमतात, जपमाळ होते आणि शेवटी पवित्र मरियेची एकेक बिरुदं घेऊन विनवणी गातात. तिला जुनी माणसं लदीन म्हणतात. एकाने पुढे होऊन बिरुद गायचं, बाकीच्यांनी 'आम्हासाठी विनंती कर' असं उत्तर द्यायचं. रोज एका घराची पाळी. ज्यांची पाळी त्यांनी फुलं, मेणबत्त्या आणायच्या आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. घर कुणाचंही असो, लदीन पुढे होऊन म्हणायची ती माझी आई. तिच्या आजीकडून आलेली एक चाल होती तिच्याकडे, पुस्तकातल्या चालीहून अगदी वेगळी. उत्तराच्या ओळीत शेवटच्या 'कर'वर सगळे आवाज खाली यायच्या ऐवजी वर चढायचे, तिथे थांबायचे आणि मग तीन पायऱ्या उतरल्यासारखे खाली यायचे. मी सात वर्षांची असताना तिच्या लुगड्याला धरून ती चाल शिकले. माझं पहिलं गाणं ते. खरं सांगायचं तर लोकांनी लक्षात ठेवलेलंही तेच, कारण ज्या गाण्याने माझं नाव झालं त्याची चाल तीच होती.

स्टुडिओत संगीतकार चालीसाठी अडून बसला होता. मी सहज गुणगुणले. तो उडालाच. "ये किधर से लाई?" म्हणाला. मी म्हटलं, "ऐसेच सूझा." एवढंच. बिरुदाची ओळ आणि उत्तराची ओळ, दोन्ही उचलल्या. 'आम्हासाठी विनंती कर'च्या जागी प्रियकराला बोलावणारे चार हिंदी शब्द आले, खाली ढोल वाजला, आणि मी चंदेरी बुटांत नाचले. पुढे एका वर्तमानपत्राच्या बाईने मुलाखतीत विचारलं, ही सुंदर चाल सुचली कशी? तेव्हा मी म्हटलं, समुद्रावर एकटी बसले होते तेव्हा सुचली. घरात गाण्याचं वातावरण होतं का? मी हसून म्हटलं, "छे हो, आमच्याकडे गाणंबिणं कुणालाच येत नाही." काय अवदसा आठवली कोण जाणे! बागायतदाराची पोर, क्रुसापाशी लदीन म्हणणारी अडाणी आई, हे सगळं तेव्हा मला कमीपणाचं वाटायचं. लाज वाटायची मला तिची. लिहितानाही हात जड होतो, पण तसंच होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात काय झालं ते मला फार उशिरा, वहिनीकडून कळलं. आईने बिरुद म्हटलं, माणसांनी उत्तर दिलं, आणि मागे उभी असलेली तरुण पोरं खुसखुसली. कुणी शिट्टी मारली, कुणी कंबर हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आळीतले वडीलधारे म्हणाले, ही चाल आता बरी दिसत नाही, आपण पुस्तकातली म्हणू. आईने मान हलवली आणि घरी आली. त्यानंतर ती कधी पुढे उभी राहिली नाही. मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसून पुस्तकातल्या चालीत उत्तर द्यायची. माझ्याविषयी एक वाकडा शब्द तिने घरात काढला नाही, असं वहिनी म्हणाली. काढला असता तर बरं झालं असतं.

मी सहा वर्षं तिच्याबरोबर त्या घरात राहिले. रोज ठरवायचे, आज सांगते, आज पाय धरते. आणि रोज काहीतरी निघायचं. अखेर एका शुक्रवारी पक्कं ठरवलं की रविवारी मिस्सेनंतर बोलायचंच. शनिवारी सकाळी ती मला म्हणाली, "मागं नारळ पडलाय, उचलून आण." मी नारळ घेऊन आले तर ती ओटीवर कलंडलेली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणली तेव्हा तिच्या तोंडात एकच आवाज उरला होता, "ते ते ते." पाणी हवं तरी ते ते, दुखतंय तरी ते ते. तिला कळतं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

तिची प्रार्थनेची पुस्तिका तिच्या उशाशी ठेवावी म्हणून मी पेटीतून काढली. लदीनच्या पानात घडी घातलेलं एक कात्रण होतं, पिवळं पडलेलं. माझी ती मुलाखत. फोटोतली मी दात दाखवून हसतेय. अभिमान म्हणून ठेवलं होतं की जखम म्हणून, कुणाला विचारणार? मी तिच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसले. "आई, मी..." एवढंच म्हटलं आणि पुढे बोलवेना. जिला नाही म्हणता येत नाही, चार शिव्या हासडता येत नाहीत, तिच्याकडे माफी मागायची म्हणजे ती हिसकावून घेण्यासारखंच. एकदा हिसकावून झालं होतं, तेवढं पुरे होतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा फादरांकडे जाऊन पापनिवेदन केलं. कितीतरी वर्षांनी. वाटलं होतं, पाच-दहा प्रार्थना सांगतील आणि मोकळं करतील. ते म्हातारे फादर सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "चोरी केली ना, बाय? मग वस्तू परत द्यायची."

"कशी देऊ, फादर? माझ्याकडे आवाज नाही. तिच्याकडे वाचा नाही. आणि गावाने ती चाल टाकून दिलीय."

"ते मला काय माहीत? ज्याच्याकडे मागायचं त्याच्याकडे माग."

मी चिडून बाहेर आले. घरी येऊन त्या रात्री मरियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि भांडल्यासारखी म्हणाले, "बघ बाई, मला काही सुचत नाही. मी हरले. तुला काय करायचं ते तू कर." याला प्रार्थना म्हणायचं की वैताग, ते तिचं तिने ठरवावं.

आईचं करायला सकाळी सुरेखा यायची. मूळची खेडकडची, राहायला नालासोपाऱ्यात, नवरा सातिवलीला एका कारखान्यात. चाळिशीच्या आतली, अंगाने दणकट आणि तोंडाची वटवट अखंड. तिला मी कोण, काय, काही माहीत नव्हतं. तिच्यासाठी मी घोगऱ्या आवाजाची, कायम कपाळाला आठी असलेली ताई. घरात ते गाणं वाजू द्यायचं नाही हा दादाने माझ्यासाठी घातलेला नियम. पण सुरेखाला तो सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

फादरांकडे जाऊन आल्याला आठवडा झाला असेल. मी मागच्या पडवीत शेवग्याचा पाला निवडत बसले होते. न्हाणीघरात सुरेखा आईला आंघोळ घालत होती. पाण्याचा आवाज, तांब्याचा आवाज, आणि मग तिचं गाणं. माझं गाणं! तेच, ढोलाशिवाय, थोडं बेसूर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गाण्याने या बाईचं तोंड बंद केलं ते तिला नागडी बसवून ऐकवायचं? मी पाला तसाच टाकून उठले आणि ओरडायला दार ढकललं.

सुरेखाने पहिली ओळ संपवली होती आणि दुसरी घ्यायला श्वास घेतला होता. त्या फटीत दुसरा आवाज आला. म्हातारा, कापरा, पण सूर बरोब्बर. "आम्हासाठी विनंती कर." शब्द स्वच्छ. 'कर' वर चढलं, थांबलं, तीन पायऱ्या उतरलं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसलेली, डोक्याला साबण, डोळे मिटलेले. सुरेखाचा तांब्या हातातच राहिला. "ताई! ताई, आजी गातायत हो! आजींना हे गाणं येतं! अहो, मी शाळेत नाचलेय याच्यावर, पहिला नंबर आलेला आमचा!"

मी दाराची चौकट धरली. कसंबसं म्हटलं, "पुन्हा म्हण." सुरेखाने पुन्हा म्हटलं. आईने पुन्हा उत्तर दिलं. चार वेळा, पाच वेळा. मग मी वाकून म्हटलं, "आई, मला ओळखलंस का?" तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते ते ते." मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. सुरेखाला वाटलं आनंदाने रडतेय. तिने माझ्या पाठीवरून साबणाचाच हात फिरवला.

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, होतं असं, बोलण्याची आणि गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते. असेल. ते शिकलेले आहेत, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की परत द्यायची वस्तू शाबूत होती. मी जी चिखलात घातली तीच, आणि त्या चिखलातूनच ती एका परक्या बाईच्या तोंडून आमच्या न्हाणीघरात आली. सुरेखाला मी तेव्हाही काही सांगितलं नाही. तिला फक्त म्हटलं, रोज म्हणत जा. ती रोज म्हणायची आणि आई रोज उत्तर द्यायची. मी बाहेर पडवीत बसून ऐकायचे. मध्ये तोंड घालायची माझी हिंमत होत नव्हती.

मे महिना आला. आमच्या घराची पाळी ठरली. वहिनी दरवर्षीप्रमाणे पुस्तक पुसून ठेवत होती. मी म्हटलं, "या वेळी मी म्हणते."

तिने माझ्या गळ्यावरच्या व्रणाकडे पाहिलं. "आवाज फुटला तर? माणसं असतात गं सगळी."

"फुटला तर फुटला. आणि पुस्तक नको."

वहिनी समजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलली एवढंच, "मग चणे थोडे जास्तच टाकते."

संध्याकाळी क्रुसाला झेंडूचे हार घातले, मेणबत्त्या लावल्या. चर्चमधून मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत आईला बसवून दादा घेऊन आला, सुरेखा मुद्दाम थांबली होती, ती खुर्ची धरून मागे उभी. जपमाळ झाली. मी पुढे झाले. हजारो माणसांपुढे उभी राहिलेली मी, चाळीस शेजाऱ्यांपुढे पहिला शब्द शोधत होते. म्हटलं, "लदीनच्या आधी एक सांगायचंय. माझं जे गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ती चाल माझी नव्हती, आईची होती. मी न विचारता घेतली. आणि आमच्या घरात कुणाला गाणं येत नाही असं वर खोटं बोलले. त्यामुळे आईचं या क्रुसापुढे उभं राहणं थांबलं. आज मी ती चाल परत आणलीय. आवाज मात्र हा एवढाच आहे." मागून सुरेखाचा "अग्गं बाई!" असा आवाज ऐकू आला. 

मी पहिलं बिरुद म्हटलं. खरखरीत, अर्धं गाणं अर्धं बोलणं. उत्तर आलं नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती, कुठल्या चालीत उत्तर द्यायचं ते कुणाला उमगेना.  आई हातातल्या माळेकडे बघत होती.  मनात मरियेला म्हटलं, हेच हवं होतं तुला? बरं, असू दे. दुसरं बिरुद म्हटलं. तेव्हा रेजीना मावशी, आईच्या बरोबरीची आमची शेजारीण, काठी टेकत दोन पावलं पुढे आली आणि तिने उत्तर दिलं. जुन्या चालीत. शेवटच्या रांगेतल्या तिघी-चौघींनी तिला धरलं. तिसऱ्या बिरुदाला आईचा आवाज त्यांच्यात मिसळला. चौथ्याला बहुतेक सगळे आले, आणि तो 'कर' वर चढला तेव्हा दादा हमसून हमसून रडत होता.

मी जमेल तेवढं ओढलं. बिरुदं खूप असतात. निम्म्यावर गळा सुकला, आणि 'पापीजनांच्या आश्रया'पाशी आवाज बंद पडला. पूर्ण बंद. तोंड उघडं आणि आतून नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. सगळे थांबले. वहिनी पुस्तक उघडून पुढे यायला निघाली.

तेवढ्यात ते बिरुद मागून आलं. खुर्चीतून. उत्तर नव्हे, बिरुद. "पापीजनांच्या आश्रया," आईने गायलं, मान वर करून, डावा हात क्रुसाकडे धरून, अगदी पूर्वीसारखं. आणि थांबली. उत्तरासाठी थांबली होती ती, आणि माझ्याकडे बघत होती. आळीतली माणसं मागे हटली, सुरेखाने खुर्ची हळूच पुढे आणली, आणि मी क्रुसासमोरची जागा सोडून बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता, तरी मी उत्तर दिलं. आम्हासाठी विनंती कर. शेवटच्या बिरुदापर्यंत पुढे आई होती. एकही चुकलं नाही.

घरी परतताना मी तिच्या खुर्चीजवळून चालत होते. हिंमत करून विचारलं, "आई, रागावलीस का माझ्यावर?" ती म्हणाली, "ते ते ते." हातात चण्यांचा द्रोण होता. त्यातला एक चणा तिने डाव्या हाताने उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी खाल्ला. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी आजवर ठरवलेलं नाही.

पावसाळ्यात तिला दुसरा झटका आला. त्यानंतर ती गायलीही नाही आणि आठ दिवसांत गेली. कात्रण मी तिच्या पुस्तिकेतून काढलं नाही. पुस्तिका तिच्या हातांत ठेवली तेव्हा ते त्या पानातच होतं. तिची वस्तू होती, तिच्याबरोबर गेली. घर फार रिकामं झालंय. सुरेखा आता दुसरीकडे कामाला आहे, कधीमधी रविवारी येते, मला रागे भरते की एवढी मोठी गायिका असून बोलला नाहीत. तिला वाटतं तिने काही केलं नाही. माझ्या आयुष्यात देवाने पाठवलेलं माणूस ओळखायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हाही मी त्याच्यावर ओरडायलाच निघाले होते.

दुःख गेलंय असं मी म्हणणार नाही. माफी मिळाली का, हेही मला सांगता येत नाही. पण ज्या दिवशी मी हरले म्हणाले त्या दिवसानंतर जे घडलं त्यातलं काहीही मी घडवलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्या मरियामाउलीचे उपकार मी रोज मानते. यंदाच्या मे महिन्यात आळीत रोज जुनीच चाल म्हटली गेली. रोज नवीन कुणीतरी पुढे उभं राहायचं, कुणाचा सूर लागायचा, कुणाचा नाही. मला दोनदा पुढे बोलावलं. मी गेले नाही. आईच्या जागी, शेवटच्या रांगेत, रेजीना मावशीशेजारी बसते. पुढून कुणीही बिरुद म्हणो, मी उत्तर देते.